दर्या आणि दऱ्या

फळ्यावर दोन शब्द लिहिलेत: दर्या आणि दऱ्या. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरांमधल्या खोल जागा. डोळ्याला फरक दिसतो तो फक्त र च्या आकाराचा. संगणकाला मात्र आकार ठाऊकच नसतो, त्याच्याकडे आकडे असतात. पहिल्या शब्दात साधा र, मग हलन्त (पाय मोडण्याची खूण), मग य. दुसऱ्यात र च्या जागी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, म्हणजे यू+०९३१; अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या यादीतला हा त्याचा क्रमांक. काही कीबोर्ड याऐवजी साधा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (जोडणीची खूण) टाकतात. कागदावर दोन्ही ‘दऱ्या’ हुबेहूब सारख्या, पण फाइलमध्ये एक शोधाल तर दुसरी सापडेलच असं नाही. दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं असेल तर सूची करताना हे हमखास छळतं.

तर युनिकोड सांगतं अक्षर कोणतं. ते कसं दिसेल हे फॉन्ट सांगतो. आणि या दोघांच्या मध्ये एक तिसरा असतो, शेपिंग इंजिन, ज्याची आठवण आपल्याला फक्त बिघडल्यावर येते. ‘कि’ लिहिताना फाइलमध्ये आधी क असतो, मग वेलांटी. तिला उचलून डावीकडे नेतं ते हे इंजिन. क, हलन्त, ष या तिघांचा ‘क्ष’ करतं तेही हेच, फॉन्टमधली कोष्टकं वाचून.

झीटेक किंवा लुआटेक ही पानं जुळवणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, ‘फॉन्ट बरोबर दिलाय, तरी वेलांटी उजवीकडेच!’ बहुतेक वेळा फॉन्ट निर्दोष असतो. फॉन्टस्पेकला, म्हणजे तिथे फॉन्ट बोलावणाऱ्या पॅकेजला, लिपी देवनागरी आहे हे सांगायचं राहिलेलं असतं. लुआटेकमध्ये रेंडरर म्हणून हार्फबझ हे शेपिंग इंजिनही मागून घ्या. भाषा मराठी सांगितलीत तर काही फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे देतात, तेवढा हट्ट जरूर करा.

आता माझी फजिती. एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मी मापं लिहिली होती, मायक्रोमीटरमध्ये. ‘मायक्रो’चं चिन्ह युनिकोडमध्ये दोनदा आहे, एकदा यू+००बी५ या जागी आणि एकदा ग्रीक म्यू म्हणून यू+०३बीसी वर. मी हौसेनं निवडलेल्या फॉन्टमध्ये पहिलं होतं, दुसरं नव्हतं. नेमकं दुसरंच टाइप झालेलं. रिकामा चौकोन आला असता तरी लक्ष गेलं असतं. इथे चिन्ह मुकाट्यानं गळलं आणि ५ मायक्रोमीटरचे झाले ५ मीटर! लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर लिहितं त्या नोंदींच्या फाइलमध्ये, एक ओळ होती, ‘मिसिंग कॅरेक्टर’. शेकडो ओळींचा लॉग कोण वाचतं? मी तरी वाचत नव्हतो. हल्ली गळलेल्या अक्षरांवर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ या सेटिंगची किंमत ३ ठेवतो. २०२१ पासून तेवढं केलं की अक्षर गळताच ती थेट चूक धरली जाते. शिवाय फॉन्टची फाइल कामाच्या फोल्डरमध्येच ठेवतो आणि फाइलच्या नावानंच बोलावतो. नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर त्याच नावाची वेगळी आवृत्ती निघते आणि पानं सरकतात.

छापायला देण्याआधी एक गोष्ट अजून करून पाहा. तयार पीडीएफमधून एक परिच्छेद कॉपी करून साध्या एडिटरमध्ये चिकटवा. ‘किती’च्या वेलांट्या जागच्या हललेल्या दिसल्या, तर पान कितीही देखणं असो, त्यात शोध चालणार नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडरही तेच वेडंवाकडं वाचेल.