लेक ऑफ द वुड्सवर मासेमारीला निघण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील मिनेसोटा आणि कॅनडातील ऑन्टारिओ व मॅनिटोबा यांच्यात वाटल्या गेलेल्या लेक ऑफ द वुड्स या अफाट सरोवरावर स्वतःची बोट घेऊन जाण्याचा बेत तुमच्यापैकी काहींनी या उन्हाळ्यासाठी आखला असेल. या सहलीची तयारी गळांच्या पेटीपासून नव्हे, तर कागदपत्रांपासून सुरू करावी.

अमेरिकेच्या बाजूने कॅनडाच्या हद्दीत जायचे, तर अमेरिकेत भारतीय पासपोर्टवर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाने राहणाऱ्यांना कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो; ग्रीनकार्डधारकांना तो लागत नाही, मात्र कार्ड आणि वैध पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत. आई किंवा वडील यांच्यापैकी एकच जण मुलांना घेऊन जाणार असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र सोबत ठेवावे. ऑन्टारिओत गळ टाकण्यासाठी १८ वर्षे व त्यावरील पाहुण्यांना आउटडोअर्स कार्ड हे ओळखपत्र आणि मासेमारीचा परवाना लागतो. ते घरूनच ऑनलाइन काढावेत.

सर्वाधिक घोटाळा होतो तो आमिषाच्या डब्यावरून. आमिष म्हणून जिवंत मासे किंवा जळवा ऑन्टारिओत नेण्यास बंदी आहे, त्यामुळे मिनेसोटातील दुकानात हौसेने घेतलेल्या मिनो या छोट्या माशांची बादली सीमेपुढे नेता येत नाही. गांडुळे चालतात, पण मातीत ठेवलेली नव्हे, तर कागदाच्या लगद्यासारख्या कृत्रिम थरात ठेवलेली. शेकोटीसाठी घरची लाकडेही नेऊ नयेत, कारण त्यांतून झाडांना लागणारी कीड पसरते. लाकूड तिथेच विकत घ्यावे. अस्वलांसाठीचा फवारा त्याच कामाचा असल्याचे डब्यावर छापलेले असेल तर नेता येतो, माणसांवर वापरायचा मिरचीचा फवारा मात्र जप्त होतो.

आता बोट. सहा मीटरपर्यंतच्या मोटरबोटीत प्रत्येकासाठी मापाचे लाइफ जॅकेट, पाण्यावर तरंगणारा किमान १५ मीटरचा फेकदोर, पाणी उपसण्याचे भांडे किंवा हातपंप, वल्हे किंवा दोरासह नांगर, शिट्टी आणि पाण्यात न बिघडणारी विजेरी असावी. ही यादी पुरी करून जॅकेटे बाकाखाली ठेवून देणे ही आपल्याकडची फार वाईट सवय आहे, असे मला वाटते. ऑन्टारिओच्या या भागात वॉलाय माशाचा हंगाम मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, तेव्हा वर ऊन असले तरी पाणी बर्फाळच असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास सावरायला साधारण एक मिनिट लागते, हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात ती सुमारे दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला सुमारे तासभर लागतो. त्या पहिल्या मिनिटात जॅकेट अंगावर नसेल, तर उत्तम पोहणाराही बुडू शकतो.

परतीची तयारीही जाण्यापूर्वीच करावी, म्हणजे बर्फाची पेटी आणि सुट्या पिशव्या सोबत घ्याव्यात. मासा कापून तुकडे केले तरी त्यावर कातडीचा एक तुकडा राहू द्यावा आणि पिशव्या अशा भराव्यात की अधिकाऱ्याला मासे मोजता येतील व जात ओळखता येईल. बेटावर त्याच दिवशी कालवण करून खाल्लेला मासाही त्या दिवशी किती मासे धरता येतात त्या मर्यादेत मोजला जातो. बोट पाण्याबाहेर काढली की तळाचे बूच काढून सगळे पाणी सोडून द्यावे आणि प्रोपेलरला व ट्रेलरला अडकलेले शेवाळ व पाणवनस्पती तिथल्या तिथे काढून टाकाव्यात, कारण झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात पोहोचतात ते बहुधा अशाच बोटींबरोबर.