मोटार किती तास चालते?

[दृश्य : मे महिन्यातली दुपार. विहिरीचा काठ. पोलादी टेपवर खडू फासणारे हात.]

विहिरीतलं पाणी किती खोल आहे ते मोजायचं, तर टेपच्या शेवटच्या मीटरभराला खडू फासायचा. सढळ हाताने. मग टेप विहिरीत सोडायची, भिंतीला घासू न देता. काठावर लाल रंगाचा बाण आहे. त्याच्या टोकाशी बरोबर दहा मीटरची खूण धरायची, जरा थांबायचं आणि वर ओढायची.

[दृश्य : टेपचं टोक, अगदी जवळून. पांढरा खडू, खाली ओला पट्टा.]

साठ सेंटिमीटर खडू भिजलाय. म्हणजे काठापासून पाणी नऊ मीटर चाळीस. काठ जमिनीपासून पाऊण मीटर उंच, तोही वजा. रजिस्टरमध्ये नोंद होते : जमिनीखाली 8.65 मीटर.

त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि नवखा माणूस नेमका तोच विसरतो. मोटार बंद करून किती वेळ झाला? उपसा चालू असताना घेतलेली पातळी विहिरीची नसते, मोटारीची असते.

केंद्रीय भूजल मंडळाची माणसं देशभरातल्या वीस हजारांहून जास्त निरीक्षण विहिरींवर वर्षातून चारदा जातात : जानेवारीत, पावसाळ्याच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरात. राज्यांची जाळी वेगळी; महाराष्ट्रात हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. आता बऱ्याच ठिकाणी बोअरमध्ये बसवलेली यंत्रं पातळी परस्पर सर्व्हरला कळवतात. सोय मोठी आहे, पण कॅमेऱ्याला तिथे झाकण लावलेल्या पाइपाखेरीज काही दिसत नाही. म्हणून आम्ही टेपवाल्यांच्या मागे फिरलो.

[दृश्य : दुसरी विहीर. तळाशी भेगाळलेला गाळ. टेप टेकते.]

इथे खडू कोरडाच वर आला. रजिस्टरमध्ये आकडा नाही, एक शब्द : 'कोरडी'.

[दृश्य : तोच तळ, काही क्षण. निवेदन नाही.]

हा शब्द पुढे मोठा घोळ घालतो. सरासरी काढायला आकडा लागतो, शब्दाची सरासरी निघत नाही. मग ही विहीर त्या हंगामाच्या हिशेबातून गळते आणि ज्यांच्यात पाणी आहे तेवढ्याच विहिरी उरतात. विहिरी आटत जाव्यात आणि कागदावर पातळी सुधारलेली दिसावी, असंही होऊ शकतं. जाणकार माणूस 'कोरडी'ची गिनती वेगळी ठेवतो. घाईतला माणूस ती गाळून टाकतो.

[दृश्य : कालवा. अरुंद केलेला पाट, काँक्रीटवर रंगवलेली गेजपट्टी.]

कालव्यावरचं काम त्या मानाने सुटसुटीत. पाट मुद्दाम आवळलाय, तो फ्ल्यूम. गेजपट्टीवर पाण्याची उंची वाचायची, तक्त्यात बघायची, क्युसेक हातात येतात. महाराष्ट्रात 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना पाणी असं मोजून द्यायचं ठरलं. जिथे संस्था नाही तिथे सात नंबरचा फॉर्म : पीक कोणतं, क्षेत्र किती. पाणीपट्टी त्यावरून. म्हणजे कागदावर ऊस येतो, पाणी येत नाही.

[दृश्य : कार्यालय. रजिस्टरांचे गठ्ठे, स्क्रीनवर तक्ते.]

पाणी हा राज्यांचा विषय. धरणवाले दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये बोलतात, पेपरवाले टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, भूजलवाले हेक्टर-मीटरमध्ये, महापालिका एमएलडीत, म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटर त्यात. एकाच गावाचं नाव तीन याद्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं. हे सगळं एका छताखाली आणायला 2018 मध्ये राष्ट्रीय जल माहिती केंद्र उभं राहिलं. दशांश चिन्ह सरकून 8.65 चे 86.5 झाले तर ते लगेच डोळ्यात भरतं. पण काठाची उंची वजा करायची राहिली आणि 9.40 चढले, तर? ते कुणालाच खटकत नाही. विहिरीवर पुन्हा जाईपर्यंत ती चूक तशीच मुरते.

[दृश्य : शेतातली स्टार्टरची पेटी. तांबडा दिवा विझलेला.]

एवढं करून कळतं ते पाणी किती खोल आहे. वापरलं किती, ते अजून बाकीच. शेतातल्या विहिरीवर पाण्याचा मीटर सहसा नसतो. मग वापर काढतात गुणाकाराने : विहिरी किती, गुणिले एक विहीर सरासरी किती उपसते. पहिला आकडा लघुसिंचन गणनेचा. 2017-18 हे संदर्भ वर्ष धरून झालेल्या सहाव्या गणनेत देशात भूजलावरच्या सुमारे 2 कोटी 19 लाख योजना, म्हणजे विहिरी आणि बोअर, निघाल्या. खोदलेल्या विहिरींत महाराष्ट्र पहिला. दुसरा आकडा नमुना पाहणीतून येतो : मोटार दिवसाला किती तास, वर्षाला किती दिवस.

आम्हीही या विहिरीच्या मालकांना विचारलं, दादा, मोटार किती तास चालते?

[दृश्य : शेतकरी, कॅमेऱ्याकडे बघत : "लाइट असेल तोवर."]

देशातल्या भूजलाचा हिशेब मांडणाऱ्या 2024 च्या सरकारी अहवालात वार्षिक भूजल उपसा 245.64 अब्ज घनमीटर आहे. कोयनेचं अख्खं धरण 105 टीएमसीचं, म्हणजे जवळपास तीन अब्ज घनमीटरचं. अशी ऐंशीहून जास्त धरणं. यातला सुमारे 87 टक्के उपसा शेतीचा. दशांश चिन्हापुढे दोन घरं, आणि पायाशी 'लाइट असेल तोवर'. टिंगल नाही ही. अजिबात हिशेब नसण्यापेक्षा अंदाज बरा, आणि तो बसवणारी माणसं मेहनतीचीच आहेत. त्यांच्या हातात टेप आहे, मीटर नाही, एवढंच.

त्याच अहवालात 6,746 पैकी 751 क्षेत्रं अतिशोषित म्हणून नोंदली आहेत, म्हणजे वर्षाला जेवढं पाणी उपसण्याजोगं आहे त्याहून जास्त तिथे उपसलं जातं.

[दृश्य : पहिली विहीर. छोटा ब्रश, लाल रंगाची डबी.]

निघताना बाण नव्याने रंगवायचा. ऑगस्टमध्ये कुणीही येवो, टेप इथेच धरली गेली पाहिजे. बोटभर जागा चुकली तरी दोन हंगामांची तुलना बिघडते. रंग वाळेपर्यंत सगळे बांधावर बसले.

[दृश्य : स्टार्टरचा दिवा लागतो. मोटारीचा आवाज.]

लाइट आली.

[आवाज चालू राहतो. पडदा काळा.]