कात्री लावायच्या आधी झाड ओळखा : कोल्हापूरच्या टेरेसवरचा पॅनिकल हायड्रेंजिया

(दृश्य : टेरेस, कोवळं ऊन. कात्री पुसणारे हात.)

जानेवारी संपत आलाय, पहाटेचा गारवा अजून टिकून आहे, आणि राजारामपुरीतल्या ह्या टेरेसवर काकूंनी कात्री बाहेर काढलीय. त्यांच्या समोरची कुंडी बघा, नुसत्या काटक्या दिसतायत, पानं पिवळी पडून बरीचशी झडलीत, टोकाला मागच्या सिझनचा वाळलेला तुरा तसाच लोंबतोय. नवीन माणूस म्हणेल झाड गेलं, टाका. गेलेलं नाहीये. हा पॅनिकल हायड्रेंजिया आहे, म्हणजे गोल गेंदाऐवजी शंकूसारखा लांबट तुरा येणारं फुलझाड, आणि छाटायची वेळ झालीय म्हणून असा दिसतोय.

आता कात्री कुठं बसतेय तिकडं लक्ष द्या. काकू आधी बारक्या काड्या मुळापासून काढतात, पेन्सिलीपेक्षा बारीक असेल ती काडी तुऱ्याचं वजन पेलत नाही, वाकते आणि पहिल्या पावसात मोडते. मग एकमेकीवर घासणाऱ्या फांद्या, त्यातली कमजोर जाते. मग उरलेल्या जाड फांद्या साधारण एक तृतीयांश कमी करायच्या, आणि काप घ्यायचा तो डोळ्याच्या बरोबर वर, अर्धा बोट सोडून. डोळा म्हणजे हा जो फुगीर ठिपका दिसतोय ना सालीवर, तो. इथूनच नवीन फूट येणार आणि तिच्या टोकाला तुरा बसणार. हे झाड नव्या फुटीवरच फुलतं, म्हणून आत्ता एवढं कापलं तरी नुकसान काही नाही, उलट फांद्या जाडजूड येतात आणि तुरे मोठे होतात.

झाड मूळचं जपान, चीन, कोरिया आणि वर रशियाच्या साखालिन बेटापर्यंतचं. उणे 30 अंशात उघड्यावर उभं राहणारं. युरोपला ह्याची ओळख झाली ती सीबोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरमुळं, तो 1823 ते 1829 नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डचांच्या वखारीत होता, तिथं राहून त्यानं जपानी झाडं गोळा केली आणि 1829 मध्ये ह्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. पुढं हॉलंडच्या बोस्कोप गावात, जे गावच नर्सऱ्यांचं आहे, तिथं ‘लाइमलाइट’ नावाची जात निघाली, फिकट हिरव्या तुऱ्यांची, आणि आज मोबाईलवर जे हायड्रेंजियाचे फोटो फिरतात त्यात ती हमखास असते.

पण जपानात ह्या झाडाच्या सालीलाही किंमत होती. आतल्या सालीतून बुळबुळीत चीक निघतो, तो हातकागद बनवताना पाण्यात मिसळला की लगद्याचे धागे खाली बसत नाहीत, सगळीकडं सारखे तरंगतात आणि कागद एकसारखा पातळ निघतो. त्याच कामाला तिथं भेंडीच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळाचा चीकही वापरतात. आता कोल्हापूरकराला भेंडीचा चीक काय सांगायचा, आपल्या गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाची मळी वर काढायला भेंडीच्याच झाडाचा चीक घालतात.

(दृश्य : दुसरी कुंडी, मोठी जाड चकचकीत पानं. शेजारची मुलगी कात्री घेऊन वाकलेली.)

‘‘काकू, हे पण छाटू काय?’’

‘‘थांब बाळ, त्याला हात लावू नको!’’

हा व्हिडिओ आम्ही केला तो ह्या ‘थांब’साठीच. दुसऱ्या कुंडीत आहे तोही हायड्रेंजियाच, पण गोल गेंदाचा, महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांपुढं निळ्या-गुलाबी फुलांनी लगडलेला दिसतो तो. आपल्याकडं नर्सरीत बहुतेक वेळा हाच मिळतो, आणि त्यावर चिठ्ठी असते फक्त ‘हायड्रेंजिया’, पुढं काही नाही. हा फुलतो जुन्या काडीवर. पुढच्या फुलांच्या कळ्या त्यानं आधीच, पावसाळा सरता सरता, काडीच्या टोकात तयार करून ठेवलेल्या असतात. डोळ्याला दिसत नाहीत पण असतात. आता लोक काय करतात, परदेशातला छाटणीचा व्हिडिओ बघतात, त्यात असतो पॅनिकल, तो माणूस बिनधास्त अर्धं झाड उतरवतो, आणि आपण तेच घरच्या गोल गेंदावर करतो. मग फुलं येत नाहीत आणि झाड कचऱ्यात जातं. गोल गेंदाची छाटणी फुलं संपली की लगेच, पावसाच्या तोंडावर, तीही वाळलेले गेंद काढण्यापुरती.

ओळखायचं कसं? फूल नसलं तरी ओळखता येतं, कॅमेरा पानाजवळ नेलाय बघा. गोल गेंदाची पानं दोन-दोन समोरासमोर, जाड आणि तुकतुकीत. पॅनिकलची पानं पातळ, खरबरीत, आणि एकाच पेरावर तीन-तीन पानं निघालेली बऱ्याच ठिकाणी दिसतील. तीन दिसली की पॅनिकल. रंगाचंही तसंच, माती आंबट असली की गोल गेंद निळा होतो आणि चुनखडीची असली की गुलाबी, म्हणून आपल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर तो गुलाबीकडंच झुकतो. पॅनिकलला त्याचं काही पडलेलं नसतं. तो पांढरा किंवा पोपटी उमलतो आणि रात्री गार पडल्या की गुलाबी होत जातो, माती कुठली का असेना.

(दृश्य : कुंडी भरणं. पाचटाची मोळी सोडताना.)

कुंडी अठरा इंची, खाली भोकं मोकळी आहेत का ते आधी बघायचं. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. पन्हाळ्याकडची तांबडी माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि चांगलं कुजलेलं शेणखत, झालं. आणि वर हे पाचट! उसाचं पाचट शेतात पेटवून देतात तेच काकू पोतं भरून आणतात, बारीक करून कुंडीत चार बोटं थर देतात, फक्त खोडाला चिकटू देत नाहीत. ह्याच्यासारखं आच्छादन विकत मिळणार नाही, खाली माती दुपारीही ओलसर राहते आणि सहा-आठ महिन्यांत त्याचंच खत होतं. पाचट जाळल्याचा धूर बघितला की जीव तुटतो आमचा.

थंड देशात हे झाड दिवसभर उन्हात ठेवतात, आपल्याकडं सकाळचं दहा-साडेदहापर्यंतचं ऊन बास, नंतर हिरवी नेट. एप्रिलच्या दुपारी पानं माना टाकतात, लगेच पाणी ओतायचं नाही, आधी बोट मातीत घालून बघायचं. माती ओली असेल तर संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. युरिया नको, त्यानं नुसता पाला माजतो. आणि हो, पानं पोटात गेली तर विषारी आहेत, घरात कुत्रं किंवा रांगतं बाळ असेल तर कुंडी उंचावर.

(दृश्य : मे महिना, पहिला तुरा, मधमाश्या.)

ह्या मोठ्या पाकळ्या दिसतात त्या खरं तर पाकळ्या नाहीत, निदलं आहेत, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी हिरवी पानं, खरी फुलं त्यांच्यामध्ये बारीक बारीक, माश्या बसल्यात तिथं. आपल्या हवेत तुरा वीतभरच होतो आणि गुलाबी रंग नीट चढत नाही, रात्री तेवढ्या गार नसतात.

जूनमध्ये कोवळ्या शेंड्याची काडी लावली तर फुटते. काकू मागेल त्याला रोप देतात, आणि प्रत्येक रोपात एक पट्टी खोचलेली असते, त्यावर मार्करनं लिहिलेलं : ‘पॅनिकल, जानेवारीत छाटा’ किंवा ‘गोल गेंद, फुलं संपल्यावरच’.