मागणीपत्र आधी, चर्चा नंतर

पत्रिकेवर विषय छापलाय 'पगारवाढ कधी आणि कशी मागावी'. त्याकडे येणारच आहे, पण सुरुवात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांपासून करू द्या. मागायचं कसं, हे मी तिथे शिकलो. इथे हिंजवडीवाले बरेच दिसताहेत. कोणाकोणाचे वडील भोसरी, आकुर्डी, चाकणला कंपनीत होते? हात वर करा. बघा! म्हणजे 'करार झाला' ही बातमी तुमच्या घरी पेढ्यांसकट आलेली आहे.

मी व्यवस्थापनाच्या बाजूने बसायचो, पर्सोनेल खात्यात. युनियनशी पगाराचा करार बहुतेक तीन वर्षांचा. तो संपत आला की युनियनचं मागणीपत्र आमच्या टेबलावर हजर. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात मुदत संपली तरी करार आपोआप सुटत नसे. लेखी नोटीस द्यायची, मग दोन महिने थांबायचं. युनियनच्या लोकांना हे तोंडपाठ.

एक सरचिटणीस होते, मशीन शॉपमधले ऑपरेटर. त्यांच्या फाइलमध्ये काय नसायचं? पट्ट्यातल्या इतर कंपन्यांच्या करारांच्या झेरॉक्स, पुण्याचा महागाई निर्देशांक, आणि आमचाच ताळेबंद, लाल पेनाने खुणा केलेला. आम्ही म्हणायचो, एकूण पाच हजार देतो. ते शांतपणे विचारायचे, "साहेब, बेसिकमध्ये किती टाकताय ते सांगा. कॅन्टीन, रात्रपाळी, बाकीचं मग बोलू." कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, निघायची ती बेसिक, म्हणजे मूळ पगार, आणि महागाई भत्त्यावर. बाकीच्या भत्त्यांनी आकडा फुगायचा, निवृत्तीच्या वेळी हातात काही येत नसे.

वेळेचंही त्यांना भान होतं. ऑर्डर भरभरून असताना बोलायचं, गोदामात माल पडून असताना नाही. मुंबईत 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. कामगारांची मागणी रास्तच होती, पण कापड धंदा आधीच अडचणीत होता आणि बऱ्याच मालकांना गिरणी चालवण्यात रस उरला नव्हता. तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे, आणि माझ्या फार जवळचा आहे, म्हणून इथेच थांबतो.

पण बेसिकचा तो प्रश्न आजचा इंजिनिअर विचारत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याला सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर होणारा एकूण खर्च, सांगितली की तो खूश. अहो, फोड करा ना! समजा बेसिक 30,000 आहे. कंपनीचा पीएफचा वाटा बारा टक्क्यांनी 3,600. काही ठिकाणी 15,000च्या मर्यादेवर धरून 1,800च. ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी महिना 1,443. ती तुमच्या पॅकेजमध्ये मोजलेली असते. ती मिळायला कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात, आणि तुम्ही तिसऱ्या वर्षी नोकरी बदलता! वर्षाला सतरा हजारांवर रक्कम कागदावर दाखवली जाते आणि कागदावरच राहते. मला हे अजिबात पटत नाही, आणि मी व्यवस्थापनातला माणूस असूनही सांगतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

कधी? एप्रिलला पगारवाढीचं पत्र मिळत असेल, तर पैशांची वाटणी जानेवारी-फेब्रुवारीत ठरलेली असते. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये मॅनेजर ठरलेला आकडा वाचून दाखवतो, तिथे भांडून उपयोग नाही. डिसेंबरात बोला. मोठं काम पार पडलं किंवा सोडून गेलेल्याचं काम तुमच्यावर आलं, तर लगेच बोला.

कशी? एक पानाचं मागणीपत्र करा. काय काम वाढलं, त्याने कंपनीचं काय वाचलं, बाजारात या कामाला काय मिळतं. घराचा हप्ता, मुलांची फी यातलं काही लिहू नका. त्यावर सहानुभूती मिळते, वाढ मिळत नाही. आकडा तुम्ही सांगा, आणि बेसिक वेगळं विचारा. दुसरीकडची ऑफर दाखवायची असेल तर खरोखर जायची तयारी ठेवूनच दाखवा; नव्वद दिवसांचा नोटीस पिरियडही आधी वाचून ठेवा.

नाही म्हणाले तर विचारा, कधी आणि काय केल्यावर? जे उत्तर मिळेल ते त्याच संध्याकाळी मेलवर टाका, मॅनेजर बदलतात.

संयोजक उभे राहिलेत. ऑफर लेटर घेऊन आलेल्यांनी मागे थांबा, एकेक ओळ वाचू.