नव्या संचातले जुने नाटक

मध्यंतराची घंटा झाली की दादरच्या श्री शिवाजी मंदिरात प्रेक्षकांचे पाय बटाटेवड्याकडे वळतात, आणि गरम वडा हातात पडेपर्यंत पहिल्या अंकाचा निकालही लागलेला असतो. नाटक नवे असेल तर बोलणे कथेवर आणि नटांवर होते. नाटक जुने असेल, नव्या संचात पुन्हा उभे राहिलेले असेल, तर त्या बोलण्याला वेगळीच धार येते. पूर्वी हे काम कोणी केले होते, ते पद, म्हणजे नाटकातले गाणे, तेव्हा किती वेळा वन्समोअर घेत असे, अमुक प्रवेश या वेळी इतक्या लवकर कसा आटोपला, याचा सगळा हिशेब जुन्या प्रेक्षकाच्या डोक्यात तयार असतो. त्याच्याबरोबर आलेली तरुण मुलगी तेच नाटक पहिल्यांदाच पाहत असते आणि तिचा प्रश्न निराळा असतो: या बाईने इतके सोसलेच का?

मराठी नाटकाचा हंगाम पंचांगात छापलेला नसतो. पण पाऊस ओसरला, गणपती झाले, की नव्या नाटकांच्या जाहिराती वाढू लागतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. गेल्या दीड दशकातल्या हंगामांकडे पाहिले तर जुनी नाटके पुन्हा करण्याची ओढ स्पष्ट दिसते. सुनील बर्वे यांनी ‘हर्बेरियम’ या उपक्रमात गाजलेली नाटके नव्या नटांना घेऊन मोजक्या पंचवीस-पंचवीस प्रयोगांसाठी रंगमंचावर आणली. २०१० साली ‘कट्यार काळजात घुसली’ परत आले. २०१८ साली ‘हॅम्लेट’ आणि रत्नाकर मतकरी यांचे ‘आरण्यक’ आले, तर २०२२ साली प्रशांत दळवी यांचे ‘चारचौघी’. निर्मात्याचे गणित उघड आहे. ओळखीच्या नावावर पहिले काही प्रयोग भरतात. पुढचे प्रयोग मात्र नाटकालाच भरावे लागतात.

प्रेक्षकांच्या वादात एक मागणी हमखास ऐकू येते: मूळ नाटकाला हात लावू नका. मागणी प्रेमापोटी असते, हे मान्य. तरीही ज्याला आपण मूळ म्हणतो ते नेमके कोणते, हे ‘संशयकल्लोळ’च्या बाबतीत विचारून पाहण्यासारखे आहे. मोलिएर या फ्रेंच नाटककाराचे १६६० मधले एक प्रहसन, त्याच्या आधाराने आर्थर मर्फी यांनी इंग्रजीत लिहिलेले नाटक, आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९३ साली मराठीत आणलेले गद्य ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, असा हा प्रवास आहे. आज ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढतात ती पदे त्या गद्य नाटकात नव्हतीच. ‘संगीत संशयकल्लोळ’ उभे राहिले ते १९१६ साली, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. देवलांनी फ्रेंच आणि इंग्रज पात्रांना फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, भादव्या अशी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली, आणि ती इतकी चपखल बसली की हे घराणे परदेशातून आले आहे, याची शंका फाल्गुनरावासारख्या संशयी माणसालाही येऊ नये. तेव्हा प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांच्या संचातला ‘संशयकल्लोळ’ पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक मुळाशी तुलना करतो, तेव्हा तो एका रूपांतराची तुलना दुसऱ्या रूपांतराशी करत असतो.

देवल काही एकटे नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला तो पहिल्या चार अंकांचा, कालिदासाचे उरलेले तीन अंक नंतर आले. गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले आणि देवलांनी ऑथेल्लोला झुंजारराव केले. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी गाजवलेला हॅम्लेट त्या पिढीच्या आठवणीत घर करून राहिला. पुढच्या काळात पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या इंग्रजी नाटकातल्या फुलवालीला मराठी बोलीभाषांच्या उतरंडीत आणून ‘ती फुलराणी’ लिहिले. १९७५ साली भक्ती बर्वे यांनी ते काम केल्यावर ही मुलगी लंडनची होती, याची आठवण ठेवण्याचे कारण प्रेक्षकाला उरले नाही. आपली अभिजात रंगभूमी मोठ्या प्रमाणात रूपांतरांतूनच उभी राहिली आहे. त्यामुळे रूपांतर करावे की करू नये, हा वाद फारसा पुढे जात नाही. काय कापले आणि ते कोणी ठरवले, हे विचारले तर चर्चा पुढे सरकते.

आणि कापण्याचा निर्णय पुष्कळदा घड्याळ घेते. ‘शाकुंतल’मध्ये दोनशेच्या आसपास पदे होती आणि त्या काळचे संगीत नाटक रात्र उजाडेपर्यंत चालले तरी कोणाची तक्रार नसे. आज मुंबई-पुण्यातल्या नाट्यगृहाचा दिवस सत्रांमध्ये वाटलेला असतो. दुपारचा प्रयोग वेळेत संपला नाही, तर रात्रीच्या नाटकाचे नेपथ्य घेऊन आलेला टेम्पो दाराशी खोळंबतो, आणि रात्रीचा प्रयोग लांबला तर शेवटच्या लोकलच्या काळजीने मागच्या रांगा आधीच रिकाम्या होऊ लागतात. अडीच-तीन तासांत पाच अंक बसवायचे म्हटल्यावर नांदी म्हणजे सुरुवातीचे स्तवन आटोपशीर होते, साक्या-दिंड्या ही जुन्या वृत्तांतली छोटी पदे जातात, दुय्यम पात्रांचे प्रवेश जातात आणि ज्यांची ध्वनिमुद्रणे घराघरांत पोहोचली आहेत ती पदे राहतात. अशा संपादित संहितेला रंगावृत्ती म्हणतात. ती करणाऱ्याचे नाव जाहिरातीत कुठेतरी बारीक अक्षरांत असते आणि मध्यंतरातल्या चर्चेत तर ते बहुधा येतच नाही.

लांबी हीच अडचण असते, असेही सरसकट म्हणता येत नाही. महेश एलकुंचवार यांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटके चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ साली सलग सादर केली, तेव्हा प्रेक्षक सुमारे नऊ तास बसले होते. त्याच दिग्दर्शकाने २०१८ साली नाना जोग यांच्या अनुवादावरून ‘हॅम्लेट’ केले, त्यात सुमीत राघवन हॅम्लेट झाले. न कापता केलेले ‘हॅम्लेट’ जवळपास चार तास चालते. जगभरचे दिग्दर्शक त्याला कात्री लावतात आणि कोणालाही ते पाप वाटत नाही. इथे मात्र प्रेक्षकांची मते वेगळ्याच मुद्द्यावर विभागतात. विकारविलसिताच्या परंपरेत राजपुत्र आपल्याकडचा झाला होता. जोगांच्या अनुवादात तो डेन्मार्कचाच राहतो आणि मराठी बोलतो. काहींना ही दूरची माणसे दूरचीच राहिलेली आवडतात, काहींना भारदस्त मराठी ऐकताना पोशाख आणि भाषा यांची सांगड बसत नाही. माझा कल पहिल्या बाजूला आहे. भाषेची उंची कायम ठेवून प्रेक्षकाला तिथवर चढायला लावणे, हा विश्वास व्यावसायिक रंगभूमीवर दुर्मीळ झाला आहे.

रूपांतराची खरी कसोटी मात्र राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात लागते. नाटक १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, रंगमंचावर आले आणि बालगंधर्वांनी नायक सुधाकराच्या बायकोची, सिंधूची भूमिका केली. दारूने बुद्धिमान सुधाकराचा आणि त्याच्या संसाराचा नाश होतो, ही गोष्ट आजही जुनी झालेली नाही. अडचण सिंधूची आहे. ती मार खाते, उपाशी राहते, मूल गमावते आणि मरतानाही नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते. सभागृहातल्या आजच्या स्त्रिया हे पाहताना अस्वस्थ होतात, आणि ती अस्वस्थता बाहेर आल्यावर बोलूनही दाखवतात. दिग्दर्शकापुढे आणखी एक पेच असतो. सर्वांत लोकप्रिय पद कोणते, तर ‘कशि या त्यजू पदाला’. नवऱ्याचे पाय सोडून मी जाणार नाही, असेच ते सांगते. गाणे ठेवावे तर तो विचार टाळ्या घेतो, गाणे काढावे तर प्रेक्षक पैसे परत मागतील. या नाटकाची पदे गडकऱ्यांची नसून विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत, हे लक्षात घेतले तर या पेचाला आणखी एक पदर सुटतो: सिंधूच्या त्यागावर सुरांचा जो मुलामा चढला आहे, तो नाटककाराच्या गद्यावर दुसऱ्या हाताने चढवलेला आहे.

गडकऱ्यांनी याच नाटकात सुधाकराच्या दारुड्या साथीदाराची, तळीरामाची बायको गीता आणली आहे. ती नवऱ्याला खडे बोल सुनावते, सोसत नाही. सिंधूच्या शेजारी गीता उभी असते तेव्हा नाटकालाच दोन्ही बाजू ठाऊक आहेत, हे दिसते. वेळ वाचवण्यासाठी कात्री चालली की आर्यमदिरामंडळ या दारुड्यांच्या मंडळाचे विनोदी प्रवेश हशासाठी राहतात, सिंधूची पदे टाळ्यांसाठी राहतात, आणि आखूड होते ती गीता. मग राहिलेले नाटक मूळ नाटकापेक्षा अधिक सनातनी दिसू लागते, आणि त्याचा दोष गडकऱ्यांच्या माथी मारला जातो. सिंधूचे वागणे आजच्या मापाने दुरुस्त करू नये. गीतेचे बोलणे तेवढे पूर्ण ऐकू द्यावे.

‘चारचौघी’चे तसे नाही. १९९१ च्या या नाटकातल्या स्त्रिया प्रश्न विचारूनच उभ्या राहतात, त्यामुळे २०२२ च्या प्रेक्षकाला त्यांच्याशी भांडावे लागत नाही. वंदना गुप्ते यांनी गाजवलेले दूरध्वनीवरचे ते दीर्घ संभाषण मुक्ता बर्वे यांच्या तोंडून ऐकताना तुलना होते ती अभिनयाची, विचारांची नव्हे.

तुलना हा तर या साऱ्या खेळाचा आत्माच आहे आणि तिची हौस फार जुनी आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा खाडिलकरांचे नाटक लोकांच्या ओळखीचेच होते. लोक आले होते नायिका भामिनी झालेले बालगंधर्व आणि नायक धैर्यधर झालेले केशवराव भोसले एकाच रंगमंचावर पाहायला. ‘कट्यार’च्या २०१० च्या संचात राहुल देशपांडे नाटकातले गायक खाँसाहेब झाले आणि १९६७ मध्ये ती भूमिका करणारे त्यांचे आजोबा वसंतराव प्रत्येक तानेबरोबर प्रेक्षकांच्या कानांत वाजत राहिले. ‘आरण्यक’मध्ये याच्या उलट घडले. सत्तरच्या दशकात तरुणपणी महाभारताच्या उत्तरार्धातले वृद्ध रंगवणारे रवी पटवर्धन आणि दिलीप प्रभावळकर, २०१८ साली धृतराष्ट्र आणि विदुर म्हणून पुन्हा उभे राहिले ते खऱ्याखुऱ्या म्हातारपणात. संहितेतला एकही शब्द न बदलता नाटकाचा अर्थ असा गडद होतो, आणि याला रूपांतर म्हणायचे की नाही, यावर दोन रसिक बराच वेळ भांडू शकतात.

चित्रपटांनी या भांडणात भर घातली आहे. २०१५ च्या ‘कट्यार’ने ‘घेई छंद मकरंद’ ठेवले आणि शेजारी ‘सूर निरागस हो’ आणले. २०१६ च्या ‘नटसम्राट’ने नाटकात नसलेला रामभाऊ हा मित्र नायक अप्पा बेलवलकरांना दिला आणि विक्रम गोखले यांनी तो असा साकारला की चित्रपट आधी पाहिलेला प्रेक्षक नाट्यगृहात त्याला शोधतो. २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ही पडद्यावर आले. ज्यांची नाटकाशी पहिली ओळख चित्रपटगृहात होते त्यांच्यासाठी चित्रपट हेच मूळ असते, आणि रंगमंचावरचा प्रयोग हे त्याचे काटकसरीतले रूप. जुन्या रसिकांना हे ऐकून राग येतो. देवलांचे गद्य ‘फाल्गुनराव’ पाहिलेल्या माणसाला १९१६ साली ऑर्गनचे सूर ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना त्या रागावरून करता येते.

घड्याळाचा मुद्दा गोव्यात गेल्यावर सैल पडतो. तिथल्या देवळांच्या जत्रांमध्ये गावातली माणसे तोंडाला रंग लावून नाटके करतात, प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि तो कधी संपावा याची कोणाला घाई नसते. नाट्यगृहाचे सत्र नाही, टेम्पो खोळंबलेला नाही, शेवटची लोकलही नाही. पुण्यामुंबईत गळालेल्या साक्या-दिंड्यांना आणि दुय्यम पात्रांच्या प्रवेशांना अशा मांडवात अजून जागा मिळू शकते, आणि गायक जमलेला असेल तर वन्समोअरही मिळतो. नव्या हंगामासाठी जुन्या नाटकाची रंगावृत्ती करायला बसणाऱ्याने कात्री हातात घेण्यापूर्वी अशी एखादी रात्र तिथे बसून काढायला हरकत नाही.