चित्त लागायच्या आधी

नमस्कार. ‘आयुष्य बदलून गेल्यावर श्रद्धा आणायची कुठून’ असा आजचा विषय ठेवलाय. समोर बसलेल्या काहींना मी ओळखते. कुणाचं घरचं माणूस गेलंय, कुणाची पन्नाशीत नोकरी सुटलीय, कुणाचा संसार मोडलाय. तुम्हाला उपदेश करायचा माझा अधिकार नाही. मी तुमच्याशी तुकोबांच्या एका अभंगाबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या वाईट काळात मी तो धरून होते.

‘याति शूद्र वैश्य केला वेवसाव’ हा तो अभंग. संतमंडळींनी विचारलं म्हणून तुकोबांनी त्यात आपली हकीकत सांगितलीय. देहूचं खाऊनपिऊन सुखी घर. दुकान, सावकारी, महाजनकी, आणि पिढ्यान् पिढ्यांची पंढरीची वारी. मग आईवडील गेले. पाठोपाठ 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली॥’ पैसा गेला, पत गेली, पहिली बायको भुकेनं गेली. लहान मुलगाही गेला असं चरित्रकार सांगतात. मुलाचं सोडलं तर एवढं सगळं दोन ओळींत, आणि त्यांत एकही अलंकार नाही.

आता पुढं काय होतं ते नीट बघा. आपल्याला वाटतं, एवढ्या दुःखानंतर देव भेटला असेल, साक्षात्कार झाला असेल. अभंगात लगेच तसं काही येत नाही. थोडं पुढं ओळ येते, ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें॥’ देऊळ पडायला झालं होतं, ते नीट करावंसं वाटलं, बस्स. म्हणजे माती, दगड, पडलेली भिंत, असलं काम. त्याच्यानंतर, ‘आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं॥’

या ओळीवर मी फार वेळ थांबले आहे. एकादशीला कीर्तन करायला लागलो, पण आधी चित्त त्यात नव्हतं. हे तुकाराम महाराज सांगतायत! मग संतांची वचनं पाठ केली. दुसरे पुढं उभं राहून गात, त्यांच्यामागं धृपद, म्हणजे पालुपद, धरलं. अंग झिजवून जमेल तेवढा लोकांवर उपकार केला. स्वप्नातला गुरूचा उपदेश त्यानंतर येतो, आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण उलटं धरून बसतो. आधी मन लागू दे, मग देवळात जाईन. आधी उमेद येऊ दे, मग घराबाहेर पडेन. तशी वाट बघत वर्षं निघून जातात.

माझे यजमान गेले तेव्हा माझंही तेच चाललं होतं. लाइट बिल त्यांच्या नावावर, गॅसचं बुकिंग त्यांच्या फोनवरून, बँकेत प्रत्येक खिडकीवर मृत्यूचा दाखला पुढं करायचा. देवापुढं दिवा लावायचे तो सासूबाईंनी सांभाळलेली रीत मोडू नये म्हणून. मनात काही नव्हतं. आमच्या आळीतल्या भजनी मंडळाच्या काकू एका गुरुवारी दारात आल्या आणि म्हणाल्या, “म्हणू नकोस हो तू काही. नुसता टाळ धर. ठेका चुकला तरी चालेल.” मी गेले. सवय नव्हती, टाळाची दोरी बोटाला काचायची, लाल वळ उठायचा. बायका म्हणत असत आणि मी त्या वळाकडं बघत बसायची. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही यायचं नाही. पुष्कळ महिन्यांनी एका गुरुवारी लक्षात आलं, धृपद मीही म्हणतेय. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

तुमच्यातल्या कुणाला भजन नको असेल. नसू दे. कुणी सकाळी शेजारच्या आजोबांना बागेत फिरवून आणील, कुणी बंद पडलेलं वाचनालय पुन्हा उघडील. मात्र पडझड झालेलं काहीतरी शोधा, आणि पुढं कुणीतरी गाणारं असू द्या. पहिल्या दिवसात एकट्यानं सूर लागत नाही, आणि लागला पाहिजे असा हट्टही धरू नये.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायचीय. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली॥’ हा अभंग लोक दुःखी माणसाला ऐकवतात. देवाच्या मनात काही चांगलंच असेल, असं वर सांगतात. कृपा करून असं करू नका. ते तुकोबांनी स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलंय, आणि दुःख पचवून वर आल्यावर म्हटलंय. ज्याचं गेलं त्यानं म्हणावं, त्याला म्हणावंसं वाटलं तर. दहाव्याच्या दिवशी भेटायला आलेल्यानं म्हणू नये.

आणि तुकोबांच्या दुसऱ्या पत्नी जिजाईंना विसरू नका. आपल्या कथांमध्ये त्यांना कजाग म्हणून रंगवतात, मला ते पटत नाही. दुष्काळात होरपळलेलं घर, पदरात मुलं, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर. तरी भाकरी बांधून ती बाई डोंगर चढायची, असं परंपरा सांगते. तुकोबा गेले तेव्हा नारायण पोटात होता म्हणतात. या नारायणबाबांनीच 1685 मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन देहूहून पंढरीची वाट धरली. आज आषाढात लाखो माणसं त्या पालखीमागं चालतात. जिजाईंचा एकही अभंग आपल्याजवळ नाही, पण ते मूल त्यांनी वाढवलं. श्रद्धा कशाला म्हणतात ते मी त्यांच्याकडं बघून शिकले.

चिठ्ठ्यांमधला एकच प्रश्न घेते, वेळ होत आलीय. एका ताईंनी लिहिलंय, “मुलगा गेल्यापासून देवाचा फार राग येतो. अशा मनानं हात जोडणं खोटं नाही का?” ताई, तुकोबांचाच एक अभंग आहे, ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल॥’ माझ्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो. गोष्टी करायच्या नाहीत, नावही घ्यायचं नाही, असं म्हणून ते भांडतात. तो अभंग गाथेतून कुणी काढून टाकला नाही, बाकीच्या अभंगांच्या शेजारी तो तसाच छापला जातो. तुमचा राग खोटा नाही, आणि तो घेऊन बसायला आमच्या मंडळात जागा आहे. गुरुवारी दुपारी चारला आम्ही जमतो. हात जोडायची सक्ती नाही. जाताना मला भेटा, मी पत्ता लिहून देते.