बिस्कुपिन : तळ्याच्या चिखलात सापडलेलं लाकडी गाव

नमस्कार मंडळी. माझा हात बघा, असा तिरपा धरलाय, 45 अंशांत. असे हजारो लाकडी खुंट, रांगांमागून रांगा, एका बेटाच्या कडेने पाण्यात ठोकलेले. लाटांनी काठ खाऊ नये म्हणून. आणि कुणाची होडी थेट गावाच्या तटबंदीला भिडू नये, म्हणूनही.

हे पोलंडमधलं बिस्कुपिन. 1933 साली तळ्याचं पाणी उतरलं होतं. वर आलेले खुंट गावच्या शाळामास्तरांनी, वालेन्टी श्वायत्सेर यांनी, हेरले आणि कळवले. पुढच्याच वर्षी पोझनान विद्यापीठाचे युझेफ कोस्त्शेव्स्की खोदायला आले.

चिखलाखालून काय निघालं? तट. ओंडक्यांची मोठमोठी खोकी, आत माती भरलेली. शिरायला एकच दरवाजा, तिथवर लाकडी पूल. आत ओंडके आडवे अंथरून केलेले रस्ते, आणि शंभरेक घरं, भिंतीला भिंत लावून, एकेका रांगेवर एकच छप्पर. अगदी आपल्या चाळीसारखी! प्रत्येक घराला पुढे पडवी, आतल्या खोलीत दगडांची चूल. घरं जवळजवळ सारख्याच मापाची. मुखियाचा वाडा म्हणावा असं एकही नाही. मला हे तटापेक्षाही मोठं वाटतं.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं, कोरड्या वर्षी बारीक, ओल्या वर्षी जाड. ती वलयं जुळवून पाहिली तेव्हा कळलं, की इथलं निम्म्याहून जास्त लाकूड एकाच हिवाळ्यात तोडलंय. इसवी सनापूर्वी 738-737चा हिवाळा. त्याआधी अभ्यासक हे गाव बरंच अलीकडचं समजत होते. विचार करा, लोखंड नुकतंच हाती येऊ लागलेलं, बाहेर कडाक्याची थंडी, आणि एवढी माणसं मिळून ओक तोडतायत.

पुढे तळ्याचं पाणी चढत गेलं, गाव सुटलं. पण चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ही जागा बळकावली. एसएसच्या, म्हणजे नाझींच्या निमलष्करी संघटनेच्या, माणसांनी इथे खोदलं, कारण त्यांना हे गाव जर्मन पूर्वजांचं ठरवायचं होतं. पोलिश अभ्यासक त्याला स्लाव्हांचं, म्हणजे आपल्याच पूर्वजांचं, म्हणत होते. पुरातत्त्वात इथल्या रहिवाशांच्या संस्कृतीला लुसाशियन संस्कृती म्हणतात. त्यांची भाषा कोणती, हे सांगणारं एक अक्षरही मिळालेलं नाही.

आज तिथे तट, दरवाजा आणि घरांच्या रांगा पुन्हा बांधून दाखवल्यात. मूळ लाकूड मात्र परत मातीआड ठेवलंय, आणि ते ओलंच राहावं म्हणून तिथल्या भूजलावर लक्ष ठेवतात.